अब्बांची दाढ आणि आगीचा हिशोब

आमचे अब्बा कल्हईवाले. मिरजेच्या ज्या गल्लीत आम्ही दोघी बहिणी वाढलो, तिथे फजरनंतर थोड्या वेळाने अब्बांच्या भात्याचा आवाज सुरू व्हायचा आणि जोहरपर्यंत चालायचा. जमिनीत खणलेली छोटी भट्टी, कोळसा, सांडशी, नवसागराची पूड, कथलाची कांडी आणि कापसाचा बोळा. एवढ्या सामानावर अब्बांनी आम्हाला शिकवलं आणि आमची लग्नं करून दिली. लग्नसराईच्या आधी बिर्याणीचे देग यायचे, रमजानच्या आधी घरोघरची पातेली यायची. मग स्टीलची भांडी आली, देगही ॲल्युमिनियमचे झाले आणि भट्टी थंड पडली. अब्बा आज चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. पण आगीबद्दल बोलायचं झालं तर अजूनही त्यांच्यासमोर कुणी बोलू नये.

अब्बांचं एक म्हणणं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आग वाईट नसते. ती किती आहे आणि किती वेळ आहे, एवढंच बघायचं. भांडं कमी तापलं तर कथील धरत नाही, गोळे होऊन घसरतं. जास्त तापलं तर कथील जळून काळं पडतं आणि भांडं पातळ असेल तर त्याचं बूडच जातं. कथील २३२ अंशांना वितळतं हे आम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं. अब्बांना ते नवसागराच्या धुरावरून कळायचं.

आज हे सगळं आठवण्याचं कारण म्हणजे अब्बांची दाढ. आणि त्याहीआधी अम्मीची.

अम्मीला जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट आहे. तिच्या वरच्या बाजूच्या, सुळ्यामागच्या छोट्या दाढेचं रूट कॅनाल फार पूर्वी झालेलं होतं. दाढेचा वरचा भाग कमजोर म्हणून आत धातूची एक बारीक सळई बसवून त्यावर कॅप लावली होती. त्या सळईला पोस्ट म्हणतात. एक दिवस जेवताना कॅप तुटली, पण पोस्ट आतच राहिली. एका दवाखान्यात तिला नेलं. दात वाचवता येईल, जुनी पोस्ट काढून आतलं काम नव्याने करू, असं सांगण्यात आलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. आतून यंत्राचा बारीक आवाज बराच वेळ येत होता. अम्मी बाहेर आली तेव्हा इंजेक्शनमुळे तिचा गाल सुन्न होता. काही दुखलं नाही म्हणाली. घरी येताना तिने आमच्यासाठी केळी घेतली.

तिसऱ्या दिवशी त्या दाढेजवळची हिरडी पांढरी पडली. दवाखान्यात पुन्हा गेलो तर हिरडीला सूज आहे, गुळण्या करा, जाईल, असं उत्तर मिळालं. आठवडाभराने हिरडीचा तो भाग गळून पडला आणि खालचं हाड दिसायला लागलं. दाढ हलायला लागली. मग आम्ही तिला सांगलीला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे काढला, अम्मीला बाहेर बसवलं आणि आम्हाला सांगितलं, की पोस्ट सैल करण्यासाठी जे थरथरणारं यंत्र वापरलं, त्याने पोस्ट तापली असावी आणि ती आच हाडापर्यंत पोचली असावी. हाडाचा तेवढा भाग मेला होता. दाढ काढावी लागली, तिच्यासोबत हाडाचा तुकडा निघाला. पुढे शेजारची दाढही गेली.

आम्ही दोघींनी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून ठरवलं, की हे घरी सांगायचं नाही. अब्बांचा राग आम्हाला ठाऊक होता. अम्मीला तर बीपी होता. तिला सांगितलं, वयामुळे हाड कमजोर झालं होतं. तिने ते लगेच मानलं. उलट म्हणाली, "माझंच चुकलं. रात्री दात घासायचा कंटाळा करायची मी." शेवटची दोन वर्षं ती एका बाजूने जेवली. भाकरी चहात बुडवून खायची आणि आम्हाला सांगायची, "तुम्ही तरी दात सांभाळा." आम्ही मान हलवायचो.

अम्मीच्या त्या अनुभवानंतर अब्बा दाताच्या डॉक्टरचं नाव घेऊ देत नसत. "दात वाचवायला गेली आणि हाड घालवून आली," एवढंच ते म्हणायचे. कशाने घालवलं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ते नशिबावर सोडलं होतं.

यंदा रजब महिन्यात त्यांची डाव्या बाजूची खालची दाढ दुखायला लागली. उजव्या बाजूला चावण्याजोगं फारसं उरलेलं नाही, त्यामुळे सगळी भिस्त डावीवरच. आधी लवंग झाली, मग लवंगेचं तेल, मग मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. रात्री उठून बसायचे. अब्बांना बारा वर्षांपासून शुगर आहे. दाताखाली पू धरून ठेवला तर शुगर आवरत नाही आणि शुगर वाढली की पू आवरत नाही, हे आमच्या घरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. रमजान दीड महिन्यावर आला होता. अब्बांचा हट्ट एकच, "काढून टाका. रूट कॅनाल नको."

धाकटी पुण्याहून आली. आम्ही दोघींनी मिळून त्यांची समजूत घातली, निदान दाखवून तर येऊ. आमच्या ओळखीतल्या एका घरातली मुलगी शिकून दाताची डॉक्टर झाली आहे आणि रूट कॅनालचंच काम करते. अब्बांनी तिच्या दादीच्या भांड्यांना कल्हई केलेली. म्हणून केवळ ते तयार झाले.

डॉक्टर मुलीने एक्स-रे काढून पडद्यावर दाखवला. दाढेला दोन मुळं होती. पुढच्या मुळात दोन बारीक नळ्या, मागच्या मुळात एक रुंद, चपटी नळी. आतली नस सडली होती. ती म्हणाली, "चाचा, दाढ मजबूत आहे. आतली घाण काढून, नळ्या साफ करून, त्या बंद करायच्या आहेत. काढायची गरज नाही."

"बंद कशाने करणार?" अब्बांनी विचारलं.

तिने एका डबीतून गुलाबी रंगाच्या बारीक काड्या काढून त्यांच्या तळहातावर ठेवल्या. गट्टापर्चा. मलाया आणि आसपासच्या बेटांवरच्या झाडांचा चीक. रबराचा भाऊच म्हणा, पण रबरासारखा ताणला जात नाही, थंड असताना कडक राहतो आणि गरम केला की मऊ होतो. हा चीक १८४३ साली लंडनला पोचला आणि पुढे समुद्राखालच्या तारांवर त्याचंच वेष्टन चढवलं गेलं. १८७० साली मुंबईपर्यंत समुद्रातून जी तार आली, तिच्यावरही हेच. मीठ आणि पाणी त्याचं काही बिघडवत नाही. म्हणूनच दाताच्या नळीत तो वर्षानुवर्षं टिकतो. दाताच्या काडीत निव्वळ चीक पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो, बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड.

अब्बांनी काडी बोटांत फिरवली. "गरम करून भरता?"

इथे आमच्या दोघींच्या पोटात गोळा आला.

डॉक्टर मुलगी म्हणाली, की दोन रीती आहेत. एका रीतीत काडी थंडच ठेवायची, सोबत लुकणासारखं एक औषध घालायचं आणि दाबून बसवायची. दुसऱ्या रीतीत काडी आतच गरम करून मऊ करायची आणि खाली दाबायची, म्हणजे नळीच्या कानाकोपऱ्यांत ती पसरते. ही दुसरी रीत हर्बर्ट शिल्डर या अमेरिकन दंतवैद्याने १९६७ साली नीट मांडून दाखवली. आणि थंड रीतीतही शेवटी काडीचा वर उरलेला भाग कापायला गरम टोक लागतंच. म्हणजे थोडी तरी आच जवळजवळ प्रत्येक दाताला लागते.

"किती तापतं? आणि किती वेळ?" अब्बांनी विचारलं. जन्मभर जो प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, तोच.

तिला हा प्रश्न बहुधा कुणी विचारत नसावं. ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. गरम करायचं टोक साधारण २०० अंशांवर ठेवतात, पण ते नळीत तीन-चार सेकंदच धरायचं. गट्टापर्चा ६० अंशांच्या आतच पुरेसा मऊ होतो. खरी काळजी नळीच्या आतली नाही, मुळाच्या बाहेरची. मुळाभोवती पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा पडदा असतो आणि त्याच्यापलीकडे जबड्याचं हाड. हे दोन्ही जिवंत. १९८३ साली स्वीडनमधल्या एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन या दोघा संशोधकांनी सशांच्या हाडावर काम करून दाखवलं, की ४७ अंशांची आच एक मिनिटभर लागली तरी हाडाला इजा होते. आपलं अंग ३७ अंशांचं. म्हणजे हाताशी फक्त दहा अंश.

"दहाच?" अब्बा म्हणाले.

"दहाच, चाचा. पण दाताच्या आतला थर उष्णता लवकर पुढे जाऊ देत नाही. शिवाय बाहेरच्या पडद्यात रक्त खेळत असतं, ते उष्णता वाहून नेतं."

"म्हणजे दात तांब्याचं भांडं नाही. मडकं आहे."

"हो, मडकंच."

"मडकं उशिरा तापतं, पण थंडही उशिरा होतं. एकदा तापवलं की थांबायला पाहिजे."

"थांबते ना. एकदा लावलं की थांबायचं, मग पुन्हा. आणि जिथे भिंत पातळ, तिथे आच लावायचीच नाही. तुमच्या दाढेच्या पुढच्या मुळाची आतल्या बाजूची भिंत पातळ असते, म्हणून त्या दोन नळ्या मी थंड रीतीने भरणार. मागची नळी रुंद आहे, भिंत जाड आहे. तिथे गरम रीत चांगली."

अब्बा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, "आणि मडक्यात लोखंडाची सळई रुतलेली असली तर? सळईच तापवली तर?"

"मग आच फार लवकर बाहेर पोचते. जुनी पोस्ट काढताना तीच भीती असते. थरथरणारं यंत्र लावलं की पोस्ट घासून तापते. त्यावर सतत पाणी मारावं लागतं, मध्ये मध्ये थांबावं लागतं. पेशंटला सुन्न केलेलं असतं, त्याला कळत नाही. आपल्यालाच कळायला पाहिजे."

अब्बा आमच्याकडे वळले. "अम्मीच्या दाढेत सळई होती ना?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खोटं बोलायला आता जागा नव्हती. आम्ही तिथेच, त्या मुलीसमोर, सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. जिन्यात काय ठरवलं तेही. अब्बा ओरडले नाहीत. त्यांनी हातातली गुलाबी काडी हळूच डबीत परत ठेवली. डॉक्टर मुलीला म्हणाले, "बेटा, तू काम सुरू कर. कधी येऊ सांग." आणि बाहेर जाऊन रिक्षात बसले.

घरी पोचेपर्यंत ते बोलले नाहीत. रात्री इशानंतर त्यांनी आम्हाला बोलावलं आणि एक जुनी गोष्ट सांगितली, जी आम्ही कधी ऐकलेली नव्हती.

आमच्या जन्माच्या आधीची गोष्ट. एका घरचं वडिलोपार्जित तांब्याचं पातेलं कल्हईला आलं होतं. अब्बा भट्टीवर कुणाशी तरी बोलत बसले आणि भाता चालूच राहिला. पातेल्याचं बूड पातळ झालेलं होतं, ते जळून त्याला भोक पडलं. गल्लीतल्या दुसऱ्या कारागिराने सल्ला दिला, डाग मारून दे, वरून कल्हई कर, सहा महिने कळणार नाही. अब्बांनी पातेलं तसंच उचललं आणि मालकाच्या दारात जाऊन उभे राहिले. माझ्या हातून जळलं म्हणाले. त्या माणसाने शिव्या दिल्या. अब्बांनी नवीन बूड बसवून दिलं, पैसे घेतले नाहीत. पुढे तीस वर्षं त्या घरची भांडी अब्बांकडेच येत राहिली.

"आग हातून सुटते," अब्बा म्हणाले. "चाळीस वर्षं केलं तरी एखाद्या दिवशी सुटते. त्या डॉक्टरचीही सुटली असेल. मला त्याचा राग नाही. पण त्याने सूज आहे म्हणून सांगितलं. आणि तुम्ही हाड कमजोर आहे म्हणून सांगितलं. ती बिचारी स्वतःलाच दोष देत गेली."

आमच्याजवळ उत्तर नव्हतं. धाकटी रडायला लागली. थोरली म्हणाली, "अब्बा, तिला त्रास नको म्हणून केलं. आणि कळलं असतं तरी तिने माफच केलं असतं."

"केलं असतं," अब्बा म्हणाले. "पण आपण काय माफ करतोय, हे तिला कळायला पाहिजे होतं. तो तिचा हक्क होता."

दाढेचं काम तीन बैठकांत झालं. पहिल्या बैठकीत नस काढून नळ्या धुतल्या आणि आत औषध ठेवलं. दुखणं दोन दिवसांत उतरलं. दुसऱ्या बैठकीत नळ्या पुन्हा साफ केल्या. त्या दिवशी इंजेक्शन चढायची वाट बघत असताना डॉक्टर मुलीने अब्बांना अल्-जहरावींची गोष्ट सांगितली. हजार वर्षांपूर्वी, उंदुलुसमध्ये कुर्तुब्याजवळ होऊन गेलेले अबुल कासिम अल्-जहरावी. त्यांच्या 'अत्-तसरीफ' या मोठ्या ग्रंथाच्या शस्त्रक्रियेच्या भागात दुखऱ्या दाताला तापलेल्या सळईने डाग देण्याची रीत सांगितली आहे. पण सळई उघडी न्यायची नाही. आधी दातावर धातूची जाड नळी ठेवायची आणि सळई त्या नळीतून दातापर्यंत न्यायची, म्हणजे तोंडाच्या बाकीच्या भागाला चटका बसणार नाही.

अब्बांना हे फार आवडलं. "त्यांनाही ठाऊक होतं," एवढंच म्हणाले.

तिसरी बैठक भरण्याची. दाताभोवती रबराचा पडदा लावला होता, त्यामुळे अब्बांना बोलता येत नव्हतं. डॉक्टर मुलीने आम्हा दोघींना आत बसू दिलं. पुढच्या दोन नळ्या थंड रीतीने भरल्या. मागच्या नळीची वेळ आली तेव्हा तिने पेनासारखं यंत्र हातात घेतलं. त्याच्या टोकाला सुईसारखी बारीक दांडी. तिने अब्बांना सांगितलं, "चाचा, आता आच लावते." अब्बांनी डोळे मिटले आणि उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर टेकवलं. टोक आत गेलं. अब्बांचं बोट एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आपटलं आणि टोक बाहेर आलं. मग दाबण्याचं हत्यार, मग थांबणं. आम्हाला तो थांबण्याचा वेळ फार लांब वाटला. पुन्हा टोक, पुन्हा बोटाचे तीन ठोके. सबंध वेळ डॉक्टरचा हात आणि अब्बांचं बोट बरोबर चाललं होतं. शेवटी एक्स-रे काढला. तिन्ही नळ्या टोकापर्यंत पांढऱ्या रेघांसारख्या भरलेल्या दिसत होत्या, कुठेही बाहेर आलेल्या नव्हत्या. खालच्या दाढेत हे जास्त बघावं लागतं, कारण जबड्याच्या हाडातून ओठाला जाणारी नस मुळांच्या जवळून जाते. गरम माल तिथे उतरला तर ओठ सुन्न राहू शकतो.

दोन दिवस चावताना दुखलं. ते होतं, असं तिने आधीच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी रात्री तिने फोन करून हिरडीचा रंग विचारला. आम्ही टॉर्च लावून पाहिलं. हिरडी गुलाबी होती. अल्हम्दुलिल्लाह.

या महिन्याभरात आम्ही जे शिकलो, ते वाचक बहिणी-भावांना सांगायला हवं असं वाटतं. रूट कॅनालला घाबरून दात काढून घेऊ नका. त्या कामात आच वापरली जाते, पण जाणत्या हातात ती काही सेकंदांची आणि मोजलेली असते. आपण मात्र विचारलं पाहिजे. कोणत्या रीतीने भरणार आणि ती रीत का निवडली, हे विचारा. दातात जुनी पोस्ट असेल तर ती काढताना पाणी चालू ठेवणार ना, हे विचारा. सुन्न केलेल्या दाताला चटका कळत नाही, म्हणून हे आधी विचारायचं असतं. कॅपसाठी जिवंत दात घासायचा असेल तर तिथेही पाणी हवं. १९६५ साली झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर पाहिलं, की आतल्या नसेचं तापमान साडेपाच अंशांनी वाढलं तेव्हा शंभरातले पंधरा दात पुन्हा सावरले नाहीत. इलाजानंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणं हे चालतं. पण हिरडी पांढरी किंवा काळी पडली, हाड दिसायला लागलं किंवा इंजेक्शनचा असर उतरल्यावरही ओठ सुन्न राहिला, तर त्याच दिवशी जा. गुळण्यांवर विसंबू नका. एक्स-रे आणि केलेल्या कामाचा कागद मागून घ्या. कुणी चिडलं तरी मागा.

आणि आणखी एक. घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून त्यांच्याच शरीराची गोष्ट लपवू नका. आपण ते मायेने करतो. पण त्या जागी ती माणसं काहीतरी दुसरं धरून बसतात, बहुतेक वेळा स्वतःचाच दोष. त्यांचं शरीर ही त्यांच्याजवळची अमानत आहे. तिचं काय झालं, हे जाणून घेण्याचा पहिला हक्क त्यांचाच आहे. आम्ही हे अम्मीच्या बाबतीत विसरलो.

कॅप बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी शबे-बरात होती. अब्बांनी घरात भाकरी आणि मटणाचा रस्सा करायला सांगितला आणि कित्येक महिन्यांनी डाव्या बाजूने नीट जेवले. मग टोपी घालून, दरवर्षीप्रमाणे कब्रस्तानात गेले. इतर वर्षी तासाभरात परतायचे. या वेळी रात्र चढली तरी आले नव्हते. आम्ही दोघी दारात बसून होतो.

आले तेव्हा त्यांनी चपला काढल्या, पाणी मागितलं, ग्लास रिकामा केला.

"सांगून आलो तिला," ते म्हणाले.

मग आमच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत झोपायला गेले. अल्लाह आमच्या अम्मीची मगफिरत करो, आणि आम्हालाही माफ करो. वाचकांनी तिच्यासाठी दुआ करावी, एवढीच विनंती.